साडेतीन लिटर

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्याची भिंत संपते
तिथं मैनुद्दीनभाईंचं गॅरेज.
एप्रिल. पारा त्रेचाळीस.
उघड्या बॉनेटसमोर मी उभी,
कुणाच्या तरी ऑपरेशनच्या कागदावर
सही करायला बोलावल्यासारखी.

"साधं टाकू, का सिंथेटिक?"
दोन्ही डबे त्यांनी जुन्या टायरवर मांडले.
एक अकराशेचा, एक चोवीसशेचा.
मधल्या तेराशेत घरी एक सिलिंडर येतो
आणि वर महिनाभराची शेंगाचटणी.

गाडी दीड वर्षाची. चालते किती?
विडी घरकुल ते शाळा, शाळा ते विडी घरकुल,
पौर्णिमेला तुळजापूर.
कमी चालते, म्हणजे साधं पुरे,
असा माझा सरळ त्रैराशिकाचा हिशोब;
सातवीच्या वर्गात हाच शिकवते.

"तिथंच चुकायलालाव, म्याडम.
कमी चालणारी गाडीच तेलाला जास्त छळते.
इंजिन तापायच्या आत तुम्ही किल्ली काढता.
वाफ आतच बसते, पेट्रोल मिसळतं, तेल नासतं.
अर्ध्यात उतरवलेला चहा महिनाभर पिऊन बघा की."

नान्ना स्टुलावर बसून ऐकत होते.
"नूने म्हणजे नूने," एवढंच म्हणाले.
पूर्व भागात मागावर एकेचाळीस वर्षं.
पाळी सुरू व्हायच्या आधी
लांब चोचीची कुपी घेऊन मागाभोवती फिरायचे,
इथं दोन थेंब, तिथं एक,
लहान मुलाच्या कानात घालावं तसं.
मालक ट्रकचं उतरवलेलं तेल आणायचा,
फडक्यातून गाळलेलं, काळं.
त्याची जात कुणी विचारली नाही.
चादरीवरच्या मोराला डाग पडला
की मात्र पगारातून चादर कापायचे
आणि ती घरी यायची.
आम्ही चौघी बहिणी डागी मोरांखाली झोपून मोठ्या झालो.
माझ्या मोराच्या डोळ्यावरच डाग होता.

"पुस्तकात काय लिहिलंय?" नान्नांनी विचारलं.
पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकसकट,
पूजेच्या दिवशीचं कुंकू अजून चिकटलेलं.
मी, दुसऱ्यांच्या पोरांना
आधी प्रश्न नीट वाचा म्हणून ओरडणारी,
पहिल्यांदा ते फोडलं.
पान दोनशे चौदा. शून्य डब्ल्यू वीस.

"शून्य म्हणजे थंडीतलं," मैनुद्दीनभाई म्हणाले.
सोलापुरात कसली आलीय थंडी?
"रात्रभर उभ्या गाडीला पहाटेची पहिली किल्ली,
तीच थंडी.
त्या क्षणाला तेल वर पोचलं पाहिजे.
आणि ह्या नंबरात साधं येतच नाही."

येतच नाही?
मग अर्धा तास आपण काय करत होतो?
तो अकराशेचा डबा टायरवर कशाला?

"लोक विचारतात की. एकच डबा ठेवला
तर म्हणतात, मिस्त्री गळ्यात मारायलालाय.
दोन ठेवले की त्यांनी निवडल्यासारखं होतं."
आणि त्यांनी तो डबा उचलून
आपल्या जुन्या स्कूटरशेजारी ठेवला,
घरच्या माणसाला घरचं जेवण वाढावं तसा.

खालचा नट सुटला.
जुनं तेल घमेल्यात उतरायला लागलं,
आधी धारेनं, मग तारेनं, मग थेंबाथेंबानं.
नान्ना उठले. बोट बुडवलं,
अंगठ्यावर चोळलं, वास घेतला,
तोंड वाकडं केलं. ओळखीचं होतं.
मग नव्या डब्याच्या तोंडाशी दुसरं बोट लावलं.
मधासारखं. पातळ.
बराच वेळ चोळत राहिले, काही म्हणाले नाहीत.
डोळे मात्र मिटले होते,
कुठल्या तरी बेअरिंगचा आवाज ऐकत असल्यासारखे.

साडेतीन लिटर. चोवीसशे, आणि मजुरी दोनशे.

निघताना ते हात पुसायला काही शोधत होते.
पुढच्या सीटवर मी चादर घातलेली,
मोराची, दुकानातून पूर्ण किमतीला घेतलेली,
आमच्या घरातली पहिली बिनडागी.
मी रुमाल काढेपर्यंत सिग्नल सुटला.

नान्ना दोन्ही बोटं वर धरून बसले,
अशोक चौक गेला, घर आलं,
तरी वरच.